जॅक लेस्ली इंग्लंडचा खेळाडू होता की नव्हता? मुलाला काय सांगू?

अनघा_प्लिमथ | ९ ऑक्टोबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी पाककृती वाचायला येते, फुटबॉलच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

आम्ही चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून इंग्लंडमधल्या प्लिमथला आलो. मी नर्स आहे. सेंट्रल पार्कातून चालत जाताना प्लिमथ अर्गाइल फुटबॉल क्लबचं होम पार्क मैदान लागतं आणि त्याच्या बाहेर एका फुटबॉलपटूचा भला उंच पुतळा आहे. जॅक लेस्ली. रात्रपाळी संपवून सकाळी येते तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. त्यामुळे कितीतरी वेळा थांबून त्याच्याकडे बघितलंय, पण त्याच्याविषयी धड काही माहीत नव्हतं.

ऑक्टोबरात इथल्या शाळांमधून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला वर्गात चार मिनिटं बोलायचंय आणि त्याने लेस्लीला निवडलंय. काल वहीत पहिलं वाक्य लिहिलं, 'जॅक लेस्ली इंग्लंडचा खेळाडू होता.' मग ते खोडलं. 'नव्हता' लिहिलं. तेही खोडलं. मग माझ्याकडे आला, "आई, इंग्लंडने त्याला कॅप, म्हणजे देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती टोपी, दिलीय म्हणतात, पण सामना एकही नाही. असं कसं?"

याचे बाबा जहाजावर, ते डिसेंबरात येतील. म्हणून तुम्हाला विचारते. लेस्ली खेळाडू म्हणून खरंच मोठा होता का? आणि रंगामुळे वगळलं असं म्हणतात ते कशावरून? वर्गात कुणी विचारलंच तर पोराला उत्तर देता यायला हवं.

---

रंकाळा_विंगर | ९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

अनघाताई, फुटबॉलच्या विभागात स्वागत. कोल्हापुरातनं लिहितोय, तेव्हा खेळापुरतं मी सांगतो. बाकीचं शरदकाका सांगतीलच, ते तिकडचेच आहेत.

लेस्ली 'इनसाइड लेफ्ट' होता. त्या काळी पाच जण आघाडीला खेळायचे: मधे सेंटर फॉरवर्ड, दोन कडांना दोन विंगर आणि त्यांच्या मधल्या जागांत दोन इनसाइड. इनसाइडवाल्याने मागून चेंडू आणायचा, विंगरला सोडायचा, परत पुढं घुसून गोलही मारायचा. सगळ्यात दमवणारी जागा ती. लेस्लीच्या डाव्या हाताला सॅमी ब्लॅक नावाचा स्कॉटिश विंगर होता. हा ब्लॅक आजही अर्गाइलचा सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू आहे. दोघांची जोडी दहा वर्षं टिकली. आमच्याकडं तालमींच्या संघांत अशी जोडी दोन हंगाम टिकली तरी पेठेतली पोरं नावं घेत हिंडतात!

आणखी एक. १९२५ च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी चेंडू पुढं देताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागायचे, आता दोनच पुरेसे झाले. सगळ्या इंग्लंडात गोलांचा पाऊस पडला. १९२५-२६ च्या त्या हंगामात अर्गाइलने लीगमध्ये १०७ गोल केले. लेस्लीला इंग्लंडचं बोलावणं आलं ते याच हंगामात. मुलाला हे नक्की सांगा, म्हणजे दया म्हणून नाव आलं नव्हतं हे वर्गाला कळेल.

---

शरद_ईस्टहॅम | १० ऑक्टोबर, पहाटे ५.४५

अनघा, तुझ्या मुलाने दोन्ही वाक्यं खोडली, हे वाचून मला झोप लागली नाही. म्हणून पहाटेच लिहायला बसलो. सविस्तर लिहितोय, चार मिनिटांत बसेल तेवढं घे.

मी गिरगावचा. कुपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघत वाढलो. १९७४ साली पूर्व लंडनमध्ये आलो आणि वेस्ट हॅमच्या अप्टन पार्क मैदानाच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली. हे आधी का सांगतोय ते पुढे कळेल.

लेस्लीचा जन्म १७ ऑगस्ट १९०१ चा, कॅनिंग टाउनचा. माझ्या घरापासून बसने फार लांब नाही. गोदी, कारखाने आणि जहाजं यांवर पोट भरणाऱ्यांची वस्ती. वडील जमैकाचे, आई इंग्रज. त्याने बॉयलर बनवण्याचं काम शिकून घेतलं होतं, तो त्याचा हातातला धंदा. फुटबॉल बार्किंग टाउन या हौशी क्लबकडून. तिथे गोलांची रास घातली आणि १९२१ मध्ये प्लिमथ अर्गाइलने त्याला घेतलं. लंडनचा पोरगा पार डेव्हनला गेला आणि पुढची तेरा-चौदा वर्षं तिथलाच झाला.

अर्गाइल तेव्हा तिसऱ्या विभागाच्या दक्षिण गटात. या गटातून दरवर्षी फक्त पहिला संघ वर जायचा. दुसऱ्याला काही नाही. आणि अर्गाइलचं दुर्दैव बघ: १९२१-२२ पासून १९२६-२७ पर्यंत सलग सहा वर्षं दुसरा नंबर! पहिल्या वर्षी तर साउदम्प्टनचे ६१ गुण आणि यांचेही ६१. तेव्हा केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. त्या भागाकारात हरले. १९२५ मध्ये स्वॉन्झी एका गुणाने पुढे, १९२६ मध्ये रेडिंग एका गुणाने पुढे. अखेर १९३० मध्ये पहिले आले आणि दुसऱ्या विभागात गेले. लेस्ली त्या सगळ्या वर्षांत होता, पुढे कप्तानही झाला. एकूण चारशेच्या आसपास सामने आणि १३७ गोल. क्लबच्या इतिहासात त्याच्याहून जास्त गोल तिघांचेच. आकडे मुलाला पाठ करू दे, ते महत्त्वाचे आहेत.

त्या संघातली माणसंही गमतीची होती. फ्रेड क्रेग नावाचा गोलकीपर पेनल्टी मारायला समोरच्या गोलपर्यंत जायचा आणि गोल करून परत यायचा. मॅनेजर बॉब जॅक. त्याचा मुलगा डेव्हिड जॅक, ज्याने १९२३ मध्ये वेम्बलीवरच्या एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेच्या पहिल्यावहिल्या फायनलमधला पहिला गोल केला.

आता १९२५ च्या ऑक्टोबरचं. तेव्हा इंग्लंडचा संघ मॅनेजर निवडत नसे. फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या मुख्य संस्थेची, समिती बसायची, आणि एखाद्या खेळाडूला समितीतल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलंही नसायचं. २४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये आयर्लंडशी सामना होता. बॉब जॅकने लेस्लीला आपल्या खोलीत बोलावून सांगितलं की तुझी इंग्लंडच्या संघात निवड झालीय. तिसऱ्या विभागातल्या माणसाला ही संधी क्वचित मिळायची. गावभर आनंद झाला. वर्तमानपत्रांतही नाव छापून आलं.

आणि मग बोलणंच थांबलं. लेस्लीने म्हातारपणी, १९७८ मध्ये, एका वार्ताहराला हे सांगितलंय. सगळे एकदम गप्प झाले, कुणी डोळ्याला डोळा देईना. नंतरच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, ती जागा ॲस्टन व्हिलाच्या बिली वॉकरकडे गेली. लेस्लीच्या कानावर आडून आडून आलं ते असं की असोसिएशनची माणसं त्याला पुन्हा पाहायला आली होती, पण खेळ बघायला नव्हे, चेहरा बघायला. तो वार्ताहराला म्हणाला, मी काळा आहे हे ते विसरले असावेत.

२४ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये इंग्लंडला एकही गोल करता आला नाही, सामना ०-० सुटला. त्याच दिवशी होम पार्कवर अर्गाइलने बोर्नमथला ७-२ हरवलं. त्यात दोन गोल लेस्लीचे.

त्यानंतर इंग्लंडचं बोलावणं कधीच आलं नाही. तो नऊ वर्षं खेळतच राहिला. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा, तोंड दोरीने आवळलेलं. हेडर मारताना ती दोरी डोळ्यावर बसली आणि डोळ्याला जबर दुखापत झाली. कारकीर्द संपली ती त्या दुखापतीने. मग पुन्हा पूर्व लंडन, पुन्हा बॉयलरचं काम.

आता माझ्या गल्लीकडे येतो. निवृत्त झाल्यावर लेस्ली वेस्ट हॅममध्ये कामाला लागला. काम काय, तर बुटांच्या खोलीत खेळाडूंचे बूट साफ करायचे. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, ट्रेव्हर ब्रुकिंग. मूरकडे इंग्लंडच्या १०८ कॅप होत्या. बर्म्यूडाहून आलेला क्लाइड बेस्टही त्याच संघात, त्या काळी इंग्लंडच्या पहिल्या विभागात दिसणाऱ्या मोजक्या काळ्या खेळाडूंपैकी एक. या सगळ्यांच्या बुटांचा चिखल लेस्लीने काढला. मी आलो तेव्हाही तो तिथेच कामाला होता, आणि भिंतीपलीकडच्या गल्लीत मी राहत होतो. शनिवारी दुपारी आरडाओरडा ऐकू यायचा, आम्ही भारतीय मंडळी सामना सुटायच्या आत भाजी घेऊन घरी परतायचो आणि दारं लावून घ्यायचो. आत कोण काम करतंय याची मला कल्पना नव्हती. कितीदा रस्त्यात समोरासमोर आलो असू, देव जाणे. १९८८ मध्ये तो गेला, तेही मला कळलं नाही. मैदानही आता राहिलं नाही. २०१६ मध्ये क्लब तिथून हलला, त्या जागी इमारती झाल्या.

म्हणून तुझ्या मुलाने त्याला निवडलं याचा मला फार आनंद झालाय.

---

मिलिंद_नाशिक | १० ऑक्टोबर, दुपारी १.३०

शरदकाका, फार चांगलं लिहिलंत. पण अनघाताईंचा दुसरा प्रश्न राहतोच. वगळण्याचं कारण रंग होता असा कागद कुठे आहे? वर्तमानपत्राची चूक असू शकते. तिसऱ्या विभागाचा खेळाडू म्हणून समितीने विचार बदलला असेल. मुलाने वर्गात ठामपणे सांगावं आणि कुणी आडवं विचारावं असं होऊ नये, एवढ्यासाठी विचारतोय.

---

शरद_ईस्टहॅम | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१०

मिलिंद, रास्त प्रश्न आहे. सरळ उत्तर देतो: 'काळा आहे म्हणून वगळला' असा समितीचा ठराव कुणी दाखवलेला नाही. मुलानेही तसं म्हणू नये.

पण बाकीच्या शंका तपासून बघ. तिसऱ्या विभागाचं म्हणशील तर समिती तेव्हा हवं त्याला घेत होती. त्याच बेलफास्टच्या सामन्यात कप्तान होता क्लॉड ॲश्टन, कोरिंथियन्सचा हौशी खेळाडू. तो त्याचा इंग्लंडसाठी पहिला आणि शेवटचा सामना. न्यूकॅसलचा फ्रँक हडस्पेथ पस्तिसाव्या वर्षी त्याच सामन्यात पहिल्यांदा इंग्लंडकडून खेळला. म्हणजे नवखे, हौशी, वय उलटलेले, सगळे चालत होते. आणि समजा पहिल्यांदा चूकच झाली. मग पुढची आठ-नऊ वर्षं? इंग्लंडचा संघ त्या काळात सतत बदलत होता, नवे नवे इनसाइड फॉरवर्ड आणले जात होते. एकदा नाव छापून आलेला, दर हंगामाला गोल करणारा माणूस पुन्हा कुणालाच आठवला नाही.

शेजारचं वेल्स बघ. १९३१ मध्ये त्यांनी एडी पॅरिसला खेळवलं. तोही काळाच. म्हणजे त्या काळात हे कुणाच्या कल्पनेतच नव्हतं असंही नाही. इंग्लंडच्या पुरुष संघात पहिला काळा खेळाडू आला तो २९ नोव्हेंबर १९७८ ला, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, व्हिव्ह अँडरसन. लेस्लीच्या बोलावण्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. वार्ताहराशी म्हातारा लेस्ली बोलला तेही त्याच वर्षी.

आणि कागदाचं म्हणालास म्हणून माझी एक गोष्ट सांगतो. इथे आल्यावर मी एका कारखान्यात फिटर होतो. तिसऱ्या वर्षी फोरमनने बाजूला घेऊन सांगितलं, चार्जहँडची, म्हणजे फोरमनच्या हाताखालच्या मुकादमाची, जागा तुला मिळाली, सोमवारपासून. मी घरी सांगितलं, गिरगावात पत्र टाकलं. सोमवारी त्या जागेवर दुसराच उभा होता, मी ज्याला काम शिकवलं तो. कारण कुणी सांगितलं नाही. कँटीनमध्ये मी ट्रे घेऊन बसलो की बोलणं थांबायचं. आठवडाभर फोरमनने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही कागद नाही, मिलिंद. आईला दुसरं पत्र लिहिलं तेव्हा कारण काय लिहू हे मला सुचेना. 'सगळे एकदम गप्प झाले' हे लेस्लीचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मुलाने वर्गात सांगायचं ते असं: बोलावलं हे खरं, काढून घेतलं हे खरं, कारण दिलं नाही हे खरं. लेस्लीला स्वतःला काय वाटलं ते त्याने म्हातारपणी सांगितलंय, तेही त्याच्या शब्दांत सांगायचं. एवढं पुरे आहे.

राहिलं कॅपचं. अनघा, कॅप म्हणजे खरोखरची टोपी असते, मखमलीची, गोंडा लावलेली. इंग्लंडकडून खेळणाऱ्याला देतात. २०२० मध्ये अर्गाइलच्या दोन चाहत्यांनी पुतळ्यासाठी मोहीम सुरू केली. लोकांनी थोडे थोडे करून लाखावर पाउंड दिले, इतर क्लबांच्या चाहत्यांनीही दिले. ७ ऑक्टोबर २०२२ ला पुतळा उभा राहिला. त्याच सुमारास असोसिएशनने जाहीर केलं की ही जुनी चूक आहे आणि ती सुधारण्यासाठी लेस्लीला मरणोत्तर मानाची कॅप देणार. २६ मार्च २०२३ ला वेम्बलीवर, इंग्लंड-युक्रेन सामन्याच्या दिवशी, त्याच्या नातींनी ती घेतली. मी टीव्हीवर पाहिलं. बायको शेजारी बसली होती, तिने विचारलं कोण हा, तर मला नीट सांगताही येईना.

---

रंकाळा_विंगर | १० ऑक्टोबर, रात्री ९.४०

काका, नमस्कार करतो तुम्हाला.

ताई, मुलाला आणखी एक सांगा. १९३२ च्या जानेवारीत एफए कपात अर्गाइलने होम पार्कवर मँचेस्टर युनायटेडला ४-१ असं लोळवलं होतं! वर्गात युनायटेडची पोरं असतीलच.

---

अनघा_प्लिमथ | १७ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मंडळी, आज झालं त्याचं बोलणं. आधीच लिहायचं होतं, पण ड्यूट्या लागल्या होत्या.

शरदकाका, तुमचं लिखाण मी त्याला मराठीतून वाचून दाखवलं. त्याला मराठी समजतं, वाचता येत नाही. फोरमनच्या भागाला तो म्हणाला, "मग आजोबांच्या आईने पत्राला काय उत्तर दिलं?" मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगितलंत तर त्याला सांगेन.

पहिलं वाक्य त्याने स्वतः केलं. 'होता' नाही आणि 'नव्हता'ही नाही. 'जॅक लेस्लीला इंग्लंडने १९२५ मध्ये बोलावलं आणि टोपी २०२३ मध्ये दिली.' हे म्हणून झाल्यावर जरा थांबायचं असं त्याने ठरवलं होतं. पण मधेच एका मुलाने ओरडून विचारलं की तेव्हा तो किती वर्षांचा होता. हा गोंधळला, मग म्हणाला, तो तेव्हा नव्हताच. बाई म्हणाल्या, पुढे बोल.

मिलिंददादा, पुराव्याचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, पण त्याने आपणहून सांगितलं की लिहून ठेवलेलं कारण सापडलेलं नाही. मग लेस्लीचं वाक्य म्हटलं. युनायटेडच्या ४-१ ला वर्गात फार गलका झाला. बोर्नमथचे दोन गोल आणि बेलफास्टचं ०-० त्याने फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं.

शनिवारी अर्गाइलचा सामना घरच्या मैदानावर आहे. दोघांची तिकिटं काढलीत, माझा आयुष्यातला पहिलाच सामना. तो म्हणतो अर्धा तास आधी निघायचं, पुतळ्यापाशी थांबायचंय. काका, फोटो काढून पाठवते. बूट नीट दिसतील असा काढू का?

---

शरद_ईस्टहॅम | १७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

हो, बूट दिसू देत.

आईने पत्राला उत्तर दिलं होतं, अजून माझ्याकडे आहे. लिहिलं होतं, कामावर जातोस ना रोज? जेवतोस ना? आणि खाली, वडिलांनी वेगळ्या शाईने: 'पुन्हा अर्ज कर.' मी केला. चार वर्षांनी जागा मिळाली. हे सांग त्याला.